भाव विचारण्याआधी एकक विचारा

संपादक महोदय,

घर बांधण्याचा खर्च हाताबाहेर गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि दोष दरवेळी सिमेंट-सळईच्या भाववाढीवर जातो. जुळे सोलापुरातल्या एका छोट्या ठेकेदाराकडे मी अंदाजपत्रकं करते आणि खरेदीही बघते. भाववाढ खोटी नाही. पण अंदाज आणि बिल यांतली बरीच तफावत आमच्यासारख्या कार्यालयांतल्या साहित्याच्या यादीतून येते.

बहुतेक ठिकाणी यादी म्हणजे मागच्या कामाची एक्सेल फाइल. तिची कॉपी काढायची, मालकाचं नाव बदलायचं, चार भाव फोनवर विचारून भरायचे. मग एकच माल ‘क्रश सँड’, ‘एम सँड’ आणि ‘कृत्रिम वाळू’ अशा तीन ओळींत तीन भावांनी बसतो. प्लास्टरची बारीक सँड हा खरोखर वेगळा माल, तो मात्र नुसत्या ‘वाळू’त मिसळलेला. खरेदी करणाऱ्याचं बोट ज्या ओळीवर पडेल तो भाव!

एककांचा गोंधळ याहून महाग पडतो. अंदाजपत्रकात सँड ब्रासमध्ये, दगड फोडून सँड बनवणाऱ्या क्रशरची पावती टनात. ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि क्रश सँडचा ब्रास साधारण साडेचार टन धरतात. पण ओलसर सँड फुगते, त्यामुळे गाडीच्या हौद्यात मोजली तर जास्त दिसते. काट्यावर घेतली तर पाण्याचेही पैसे मोजावे लागतात. म्हणून प्रत्येक मालापुढे खरेदीचं एकक, कामाचं एकक आणि दोन्हींतला हिशेब लिहिलेला हवा. विटांचंही तेच. हजारी भाव स्वस्त वाटतो, पण वीट लहान असेल तर त्याच भिंतीला विटा जास्त लागतात, सिमेंट-सँडचा मसालाही वाढतो. माप न लिहिता विटेचा भाव लिहूच नये, असं माझं मत आहे.

सळई नगावर मोजून घेणारे अजून आहेत. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन, या हिशेबाने १२ एमएमची १२ मीटर सळई १०.६७ किलो भरते. सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १७८६) या व्यासाला वजनात ५ टक्के कमी-जास्त चालतं. हे यादीत असलं की काट्याची पावती आल्यावर वाद घालावा लागत नाही.

भाव मालाच्या ओळीत कोंबू नये. नाव, माप, ग्रेड, एकक हे एकदाच ठरवावं. भावाचं पान वेगळं, त्यात तारीख, दुकानदार, कर, गाडीभाडं, हमाली. जुना भाव पुसायचा नाही. मार्चमध्ये दिलेल्या अंदाजपत्रकात मार्चचाच भाव राहिला पाहिजे, नाहीतर घरमालकाला दाखवणार काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ज्यांनी करासकट एकच आकडा लिहून ठेवला होता त्यांना प्रत्येक ओळ उकलत बसावं लागलं. कर वेगळा लिहिणाऱ्यांनी एक टक्केवारी बदलली.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत प्रत्येक बाबीला क्रमांक, वर्णन आणि एकक असतं. ती कामाच्या बाबींची सूची आहे, खरेदीची नव्हे, आणि तिचे दर खासगी कामाला जसेच्या तसे लागू पडतात असंही नाही. पण क्रमांक देण्याची शिस्त उचलायला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडेही एक मागणी आहे. सोलापूर बाजार समितीतल्या कांद्याचा भाव छापताना आपण आवक, क्विंटल, किमान, कमाल सगळं देता. बांधकाम साहित्याचे भाव आठवड्यातून एकदा तसेच द्यावेत: सिमेंट ५० किलोच्या पोत्याला, सळई किलोला, क्रश सँड ब्रासला आणि टनाला, कर व गाडीभाडं धरून की सोडून, हेही त्याच ओळीत.

– एक वाचक, जुळे सोलापूर