चार प्रकारे उघडणारी तिजोरी आणि प्रोजेक्टचे मार्क

संपादक महोदय, नमस्कार.

मुलगी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघांनी घरी आर्डुइनो उनोवर (प्रोग्राम टाकता येतो असा छोटा सर्किट बोर्ड) तिजोरी बनवली. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी फिरून सामान आणलं, कीपॅड, आरसी५२२ कार्ड रीडर, फिंगरप्रिंट सेन्सर, एचसी-०५ ब्लूटूथ आणि १२ व्होल्टचं सोलेनॉइड लॉक, म्हणजे करंट दिला की उघडणारं कुलूप. चार प्रकारे उघडते म्हणून आम्ही जाम खूश होतो, पण वापरायला लागल्यावर कळलं की चारातलं कुठलंही एक चाललं तरी दार उघडतंय, म्हणजे चोराला चारही फोडायची गरजच नाही, सगळ्यात कच्चं कुठलं तेवढं शोधलं की झालं.

आणि कच्चं होतंच की! ब्लूटूथला फोन जोडायचा पेअरिंग पिन आला तसा १२३४ च राहिला होता. कार्डाचा आम्ही नुसता नंबर तपासत होतो, तो तर तसला कुठलाही रीडर वाचतो आणि नंबर बदलता येतो अशी कोरी कार्डं बाजारात मिळतात, धाकट्याने तसलं एक आणून डुप्लिकेट करून दाखवलं. चार आकडी पिन म्हणजे १०,००० शक्यता, एकेकाला ३ सेकंद धरले तरी साडेआठ तासांच्या आत सगळ्या संपतात. म्हणून ५ चुका झाल्या की ५ मिनिटं बंद असं केलं, तर अडॅप्टर काढून परत लावला की चुकांचा आकडा शून्य, कारण तो रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत होता. तो ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत टाकला तेव्हा कुठे ही पळवाट बंद झाली.

आता ब्लूटूथ आणि कार्ड दोन्ही काढलंय, आणि बोट आणि पिन दोन्ही बरोबर आले तरच उघडते. लाईट गेली तर बाहेरून बॅटरी टेकवायला दोन टर्मिनल दिलेत, पण ते फक्त सर्किटला करंट देतात, थेट सोलेनॉइडला जोडले असते तर बॅटरी लावली की दारच उघडलं असतं.

वाईट एवढंच वाटतं की तोंडी परीक्षेत यातलं काहीच कुणी विचारलं नाही, किती प्रकारे उघडते हा एकच प्रश्न, आणि दोनच म्हटल्यावर मार्क कमी. पोरीने रात्ररात्र जागून त्या चुका शोधल्यात हो. परीक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, पुढच्या वेळी अशी तिजोरी समोर आली की आधी चार पिन चुकीचे टाका, मग अडॅप्टर उपटून परत लावा, आणि पाचवा चुकीचा टाकल्यावर ती बंद होते का ते बघा.

एक पालक, पुणे