स्पितीच्या आराखड्यात मुक्कामाची उंचीही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून स्वतःच्या फोर बाय फोर गाड्या घेऊन हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्याला निघणाऱ्या गटांचे आराखडे पर्यटन पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून फिरू लागतात. दिवस, गावे, किलोमीटर आणि वाटेतले कच्चे टप्पे यांची माहिती त्यांत चोख असते. मात्र रात्रीचा मुक्काम किती उंचीवर आहे आणि सगळ्या गाड्या तिथे किती वाजता पोहोचतील, या दोन गोष्टी क्वचितच सापडतात. मित्रमंडळींच्या अशा प्रवासांची आखणी करण्याचे काम माझ्याकडे असते. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की गटाने आधी मुक्काम ठरवावेत आणि मग त्यांच्यामधल्या वाटा निवडाव्यात. सध्या नेमके उलटे चालते.

सर्वाधिक लोकप्रिय आराखडा मनालीकडून चढणारा आहे. पहिली रात्र मनालीत, दुसऱ्या दिवशी ग्रांफू, छत्रू, बातल असा दगडधोंड्यांचा रस्ता आणि रात्री चंद्रताल या तळ्याजवळ तंबू. कागदावर हा दिवस आकर्षक दिसतो, कारण अंतर फार नाही आणि ऑफ-रोडची सगळी हौस एकाच दिवसात फिटते. पण मनाली सुमारे 2,050 मीटरवर आहे आणि चंद्रताल सुमारे 4,250 मीटरवर. म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची 2,200 मीटरने वाढते. आपले कळसूबाई 1,646 मीटरचे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी चंद्रताल आणखी हजारभर मीटर वर राहते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के असतो. 3,000 मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असे उंचीवरच्या आजारांचे वैद्यक सांगते. हा नियम झोपण्याच्या उंचीचा आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली येण्याला त्याची आडकाठी नाही, आणि मुक्काम आधी ठरवण्याचे महत्त्व त्यातूनच येते.

उंचीवरच्या या पहिल्याच रात्री कुणाला त्रास झाला तर काय करायचे, याचा विचार आराखडा करणाऱ्याने नकाशा समोर ठेवून करायला हवा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे इथपर्यंत विश्रांतीने भागते. बसल्या जागी धाप लागू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रुग्णाला विनाविलंब खाली नेणे हाच उपाय असतो. चंद्रतालहून स्पितीचे मुख्य ठिकाण असलेल्या काझाकडे उतरायचे म्हटले तर आधी 4,551 मीटरची कुंझुम खिंड चढावी लागते. मनालीकडे उतरायचे म्हटले तर आधी तळ्याकडून येणारा बारा-चौदा किलोमीटरचा एकेरी, दरीच्या कडेने जाणारा फाटा आणि मग बातल ते ग्रांफू हा कित्येक तासांचा खडबडीत रस्ता, तोही अंधारात. तिथे मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबता येत नाही. थोडक्यात, उंचीची सवय नसलेल्या गटाला आपण पहिल्याच रात्री अशा ठिकाणी नेऊन ठेवतो, जिथून झटपट खाली येताच येत नाही.

मनालीचा पर्याय निवडण्यामागचे कारण मला समजते. पुण्याहून चंदीगड सुमारे 1,700 किलोमीटर आहे. जाण्यायेण्यातच रजेचा मोठा भाग संपतो, आणि शिमल्याच्या बाजूने किन्नौर जिल्ह्यातून जाण्यात दोन-तीन दिवस जास्त लागतात. परंतु ते दिवस वाया जात नाहीत, शरीर उंचीला सरावते ते त्याच दिवसांत. नारकंडा सुमारे 2,700 मीटर, कल्पा 2,960, ताबो 3,280, काझा साधारण 3,650 अशी ही चढण आपोआप नियमात बसते. काझाला किमान दोन, शक्य तर तीन रात्री काढाव्यात. त्या दिवसांत ‘की’ गावचा मठ, किब्बर, लांगझा, हिक्कीम, कोमिक किंवा पिन खोऱ्यातले मुद हे टप्पे हलक्या गाड्यांनी करता येतात, कारण तंबू आणि सामान मुक्कामीच राहते. कोमिक 4,500 मीटरच्या वर आहे. दुपारी तिथे जाऊन संध्याकाळी काझाला परतले की उंचीचा सराव होतो आणि वाटेचा आनंदही मिळतो. त्यानंतर लोसरमार्गे कुंझुम ओलांडून चंद्रताल गाठले, तर शेवटची उडी सुमारे 600 मीटरची उरते. ती नियमापेक्षा किंचित जास्त आहे, पण काझाच्या मुक्कामामुळे बहुतेकांना झेपते. ज्यांना काझातच त्रास झाला असेल त्यांनी चंद्रताल सोडून द्यावे. तळे पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

याच दिशेने जाण्याचे दुसरे कारण पाण्याशी निगडित आहे. बातल ते छत्रू या टप्प्यात हिमनद्यांचे नाले रस्त्यावरून वाहतात. पहाटे ते घोट्याइतके असतात. ऊन चढले, बर्फ वितळू लागले की दुपारनंतर तेच नाले बंपरपर्यंत येतात आणि तळाचे धोंडे दिसेनासे होतात. चंद्रतालहून भल्या पहाटे निघालेला गट हे नाले सकाळीच ओलांडतो. मनालीहून न्याहारी करून निघालेला गट मात्र त्यांच्यापाशी पोहोचतो तो नेमका पाणी चढलेले असताना. त्यात गाड्यांची संख्या हा घटक आराखडा करणारे विसरतात. एका नाल्यापाशी प्रत्येक गाडीला थांबणे, उतरून पाहणे, वाट दाखवणे आणि पार होणे यासाठी दहा मिनिटे धरली, तर आठ गाड्यांना ऐंशी मिनिटे लागतात, आणि शेवटच्या गाडीला पहिल्यापेक्षा जास्त पाणी लागते. एकट्या गाडीचा वेळ पाहून आखलेला दिवस ताफ्याला कधीच लागू पडत नाही. म्हणून आठ गाड्यांचे चार-चारचे दोन गट करावेत, त्यांच्यात अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर ठेवावे, प्रत्येक चालकाने मागची गाडी आरशात दिसते की नाही ते पाहत राहावे आणि सर्वांत अनुभवी चालक, टोचनचा पट्टा व हवा भरायचा पंप शेवटच्या गाडीत ठेवावा. आपल्याकडे हौसेने सर्वांत चांगला चालक पुढे जातो आणि ज्याला मदत लागणार तो मागे एकटा राहतो.

प्रत्येक आराखड्यात एक दिवस पूर्ण मोकळा असावा, हा मुद्दा पटवण्यासाठी जुलै 2023 ची आठवण पुरेशी आहे. त्या वेळी हिमाचलात अतिवृष्टी झाली, वर अवेळी बर्फ पडले आणि चंद्रतालच्या तंबूंमध्ये सुमारे 300 पर्यटक काही दिवस अडकून पडले. आजारी असलेल्या काही जणांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. उरलेल्यांसाठी काझाच्या बाजूने बर्फ उपसत रस्ता मोकळा करण्यात आला. ज्या गटाचे सोमवारी कामावर हजर होणे ठरलेले असते, तो गट असे हवामान दिसत असतानाही गाड्या पुढे काढतो. मोकळा दिवस शेवटी चंदीगडला ठेवून उपयोग नाही. तो काझात असावा, म्हणजे कुंझुम बंद असल्यास आल्या वाटेने किन्नौरमार्गे परतण्याचा पर्याय हाताशी राहतो.

आता तंबूंविषयी. चंद्रताल हे 2005 पासून रामसर यादीतले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे मानलेले, पाणथळ क्षेत्र आहे आणि तळ्याच्या काठावर तंबू ठोकायला मनाई आहे. तंबूंच्या वसाहती काही किलोमीटर अलीकडे आहेत आणि गाड्याही काठापासून दूर उभ्या कराव्या लागतात. तरीही ‘थेट काठावर मुक्काम’ असे लिहिलेले आराखडे फिरत असतात, हे खेदजनक आहे. इतरत्र स्वतःचे तंबू लावायचे असतील तर दोन जागा फसव्या असतात. एक म्हणजे स्पिती नदीच्या रुंद पात्रातली सपाट वाळू-गोट्यांची जागा. दिवसा ती कोरडी आणि मोकळी दिसते, वरच्या बाजूला पाऊस झाला किंवा बर्फ वितळले की पाणी तिथवर येते. दुसरी म्हणजे गावाजवळची हिरवी पट्टी. त्या रखरखीत प्रदेशात हिरवे दिसते ते बहुधा कुणाचे तरी मटाराचे किंवा जवाचे शेत असते, नाहीतर गावाचे कुरण, आणि त्याला पाटाने आणलेले बर्फाचे पाणी पुरवलेले असते. त्यावरून गेलेल्या चाकांची चाकोरी किती वर्षे बुजत नाही, हे आपल्याकडच्या सड्यांवर जाणारे गाडीवाले ओळखून असतील. गावात विचारल्याशिवाय तंबू लावू नये. शक्य असेल तिथे घरगुती मुक्काम घ्यावा. तिथे मात्र आठ गाड्यांची तीस माणसे एकाच छोट्या गावात अचानक उतरली तर पाणी आणि कोरडी शौचालये या दोन्हींवर ताण येतो. संख्या आधी कळवावी आणि गरज पडल्यास दोन गावांत विभागून राहावे. शेकोटीचा हट्ट सोडावा. त्या प्रदेशात झाडेच विरळ आहेत आणि गावकऱ्यांनी हिवाळ्यासाठी साठवलेले जळण आपल्या करमणुकीसाठी विकत मागणे बरे दिसत नाही.

इंधनाचे गणित सोपे आहे, तरी ते चुकते. काझाला पंप आहे. तिथून मनालीपर्यंतच्या सुमारे 200 किलोमीटरमध्ये चंद्रतालच्या फाट्याची भर पडते आणि खालच्या गिअरमध्ये ॲव्हरेज निम्म्यावर येऊ शकते. काझातून टाकी पूर्ण भरूनच निघावे. परवान्यांबाबत भारतीय नागरिकांना किन्नौर-स्पितीच्या या रस्त्यावर अडचण नाही. परंतु परदेशी पासपोर्ट असलेले आपले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांना किन्नौरमधल्या रेकाँग पिओच्या पुढे जाण्यासाठी परवाना लागतो, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरीही. सुट्टीसाठी अमेरिकेहून आलेल्या भाच्याला ऐनवेळी चौकीवर थांबवले तर अख्खा गट थांबतो.

राहता राहिला निर्णयाचा प्रश्न. ताफ्याचा वेग सर्वांत धीम्या गाडीचा आणि मुक्कामाची उंची सर्वांत कमी सवय असलेल्या माणसाची, हे निघण्यापूर्वीच सर्वांसमोर ठरलेले असावे. अमुक वाजेपर्यंत बातल ओलांडले नाही तर पुढे जायचे नाही, अशी वेळ लिहून ठेवावी, कारण प्रत्यक्ष जागेवर उत्साही मंडळी ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणतात आणि त्यांना नकार देण्याचे धैर्य आयोजकात नसते. डिसेंबर 2023 मध्ये स्पितीशेजारच्या लाहौलमध्ये वाहतुकीची कोंडी टाळण्यासाठी एकाने गाडी थेट चंद्रा नदीच्या पात्रातून नेली. पोलिसांनी त्याच्यावर दंडात्मक कारवाई केली. पण ती चित्रफीत देशभर कौतुकाने पाहिली गेली, आणि आपल्या गटांतले तरुण चालक प्रेरणा घेतात ती अशा चित्रफितींतूनच.

आपल्या पुरवणीला माझी विनंती एवढीच आहे, की अशा प्रवासांचे लेख छापताना दिवसवार चौकटीत किलोमीटरच्या शेजारी मुक्कामाची उंची, आदल्या रात्रीपेक्षा झालेली वाढ आणि तिथून खाली उतरायला लागणारा वेळ असे तीन रकाने द्यावेत. जागा कमी पडत असेल, तर छायाचित्रांपैकी एक कमी करता येईल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे