'लॉफुल गुड'मधला 'गुड'

महोदय,

मुलांच्या खेळांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेल्या एका पत्रात, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या भूमिकांच्या खेळांना 'निव्वळ कालापव्यय' म्हटले आहे. पदवीच्या वर्गांना बरीच वर्षे नीतिशास्त्र शिकवलेल्या माझा अनुभव वेगळा आहे, तो नोंदवावासा वाटतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा यांतला आद्य खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, 'डीएम' म्हणवणाऱ्या सूत्रधाराने प्रसंग उभा करायचा आणि पुढचे सारे बोलण्यातून व वीस पैलूंच्या फाशाच्या कौलावर घडायचे, अशी त्याची रीत. पात्राचा नैतिक कलही कागदावर लिहिलेला असतो. प्रारंभी नियमनिष्ठ, तटस्थ आणि स्वैर असे तीनच कल होते, पुढे सुष्ट-दुष्टाची जोड मिळून ते नऊ झाले; त्यांतला एक 'लॉफुल गुड', म्हणजे नियमनिष्ठ आणि सुष्ट. स्वभावाचे असे नऊ खण पाडणे मला हास्यास्पद वाटले होते, आणि 'माझे पात्रच तसे आहे' ही पळवाट त्यातूनच निघते, हेही खरे.

गेल्या महिन्यात माझी भाची आणि तिचे चार मित्र आमच्याकडे खेळत होते. त्यांच्या पात्रांनी एक गॉब्लिन, म्हणजे परीकथांतला खुजा, दुष्ट जीव, जिवंत पकडला आणि सोडून देण्याचे वचन देऊन त्याच्याकडून टोळीचा ठावठिकाणा काढून घेतला. आता सोडावा तर तो टोळीला सावध करणार, मारावा तर वचनभंग. पाऊण तास वाद चालला. एकाने गावात किती माणसे मरतील याचा हिशेब मांडला, तर दुसरा म्हणाला, "मग वचन दिलंच कशाला?" परिणामांवरून कृती जोखणारा मिल आणि परिणाम काहीही होवो, कर्तव्य पाळा म्हणणारा कान्ट, या तत्त्वज्ञांची नावेही न ऐकलेली ही मुले त्यांचेच भांडण भांडत होती. न राहवून मी कर्णपर्वातली कौशिकाची कथा सांगितली: सत्यव्रताच्या हट्टापायी दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा पत्ता सांगणारा आणि त्यापायी नरकात गेलेला तो ब्राह्मण. "मामा, त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे; आम्हाला आत्ता ठरवायचंय," असे मला सुनावण्यात आले.

तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ साली मांडलेला, भरधाव ट्रॅम पाच माणसांच्या रुळावर जाऊ द्यावी की एकाच माणसाच्या रुळावर वळवावी हा पेच मी वर्गात अनेकदा फळ्यावर काढला आहे. विद्यार्थी पाच मिनिटांत हात वर करून मोकळे होत, कारण तास संपला की ट्रॅमही संपे. येथे मात्र सोडलेला गॉब्लिन पुढच्या रविवारी टोळी घेऊन परत येऊ शकतो, आणि मारलेल्याचा भाऊही.

अखेर तीन विरुद्ध दोन मतांनी गॉब्लिनला मारायचे ठरले; भाचीचे मत त्या तिघांत होते. आवराआवर करताना तिने आपल्या पात्राच्या कागदावरच्या 'लॉफुल गुड'मधला 'गुड' तेवढा खोडरबराने पुसला. तसे करायला तिला सूत्रधारानेही सांगितले नव्हते. ती जागा अजून कोरीच आहे.

– एक निवृत्त प्राध्यापक, पुणे