राइडवरच्या दादांना, मनूच्या आईकडून

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शर्टावरच्या बिल्ल्यावर नाव वाचलं होतं. पार्कच्या ऑफिसला जी मेल पाठवली आहे, तिच्यात ते आवर्जून लिहिलंय. इथं मात्र तुम्हाला न विचारता लिहीत नाही. ओळख पटायला एवढं पुरे: डिसेंबरातला मंगळवार, जांभळ्या व्हीलचेअरमधली दोन वेण्यांची मुलगी, आणि तिच्यामागून सांगलीहून आलेलं आमचं लटांबर. आत्याबाईंच्या हातात लाडवांचा डबा होता, तो गेटवरच ठेवून यावा लागला म्हणून त्या दिवसभर फुगून बसल्या होत्या. आता आठवलं असेल.

मनू दहा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ताठ होतात, पाठीला आधार लागतो, मान थोडा वेळ धरते आणि दमली की सोडून देते. बोलत नाही. ‘हो’ म्हणायचं असलं की डोळे वर नेते, नको असलं की तोंड फिरवते. बाकी डोकं तल्लख. धाकट्या भावाच्या खोड्या पकडण्यात तर पटाईत.

अशा मुलीला घेऊन पाळण्यापाशी गेलं की आजवर दोनच प्रकारची माणसं भेटली. एका पार्कात तर गेटवरच्या माणसानं लांबूनच हात हलवला. त्याच्या नजरेत फक्त खुर्ची आली होती, मुलगी आलीच नव्हती. दुसरा प्रकार जत्रेत भेटतो. “बसवा हो ताई, काय होत नाही,” म्हणत पाळणेवाला तिला उचलून ठेवतो, पुढं एक साखळी अडकवतो आणि पाळणा सोडतो. त्याचं मन मोठं असतं, त्याच्यावर रागावता येत नाही. पण मला विचाराल तर या दुसऱ्या माणसाची भीती जास्त वाटते. पहिल्यानं निदान ती पडत तरी नाही.

तुम्ही यातले कुणीच निघाला नाहीत. तुम्ही आधी मनूसमोर उकिडवे बसलात आणि तिलाच विचारलंत, “काय मग, कुठल्या राइडला बसायचं?” तिनं मोठ्या रोलरकोस्टरकडं बघितलं. अर्थात. तुम्ही हसलात आणि मग आमच्याकडं वळून प्रश्न सुरू केलेत. मान किती वेळ धरते? मोठा आवाज झाला की दचकते का? फिट येते का? पोटात नळी किंवा डोक्यात शंट, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी काढणारी नळी, बसवलाय का? पायातले स्प्लिंट काढता येतात का? तिला नको झालं तर ती सांगते कसं? शेवटचा प्रश्न आजवर आम्हाला कुणी विचारलाच नव्हता, शाळेतसुद्धा नाही.

रोलरकोस्टरला तुम्ही नाही म्हणालात. तिच्या बाबांनी हुज्जत घातली, कारण झोपवून मोजली तर मनूची उंची पट्टीत बसते. तुम्ही वैतागला नाहीत. उंचीची अट असते ती बसल्यावर मांडीवरचा बार आणि खांद्यांवरून येणारा हार्नेस अंगावर नेमका कुठं येतो याच्यासाठी, हे तुम्ही रिकाम्या डब्यापाशी नेऊन दाखवलंत. पाय लांब असून उपयोग नाही, धड सरळ राहिलं पाहिजे. मनू एका बाजूला कलते, म्हणजे हार्नेस एकाच खांद्यावर टेकणार. त्यात मान सुटली तर दोन्ही बाजूंच्या कडक पॅडवर डोकं आपटत राहणार. आणि पुढं म्हणालात, “ताई, गाडी वर चढताना बंद पडली तर माणसं बाजूच्या अरुंद जिन्यानं चालत खाली आणावी लागतात. तिला तिथून कसं उतरवायचं, ते मला आज सांगता येत नाही. जे उतरवता येत नाही ते मी चढवत नाही.”

तिचे बाबा गप्प झाले. हे क्वचित घडतं. मला मात्र त्या क्षणी बरं वाटलं. नकार आम्हाला नवा नाही, नकारघंटेची सवय आहे. पण हा नकार त्या यंत्रापुरता होता. मनूत काही खोट आहे म्हणून तो आलेला नव्हता, आणि त्याच्यामागं कारण होतं, तेही मनूच्या देखत, तिला कळेल असं सांगितलेलं. तिनं सगळं ऐकलं आणि तोंड फिरवलं. रुसली. रुसण्याचा हक्क तिला आहेच.

अंधारातल्या राइडचं तर आम्ही विचारलंही नव्हतं. आत लखलखणारे दिवे आहेत, फिटचा त्रास असेल तर तिकडं जाऊ नका, हे तुम्ही आपणहून सांगितलंत. मनूच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात आहेत, पण लखलखाटाची खात्री कोण देणार?

मग तुम्ही छोट्या ट्रेनपाशी नेलंत. पाठ उंच, वेग बेताचा, आणि रूळ जमिनीपासून फार वर जात नाहीत, म्हणजे मध्येच थांबली तरी दोघांनी उचलून खाली घेता येतं. तिथली तुमची एक गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगत असते. मनूचे बाबा तिच्याशेजारी बसायला निघाले होते, तुम्ही त्यांना उठवलंत. दोघांच्या मांडीवर मिळून एकच बार येतो. तो जाड माणसाच्या मांडीला टेकला की तिथंच अडतो, आणि शेजारच्या लेकराच्या मांडीवर चांगली वीतभर फट राहते. तुम्ही बार खाली ओढून, त्या फटीत आपला हात घालून आम्हाला दाखवलंत. मग शेजारी मी बसले, बार आणखी खाली आला, आणि तेवढ्याशा जागेत तुमचा पंजासुद्धा जाईना. किती तरी घरांत हौसेनं बाबाच शेजारी बसत असतील!

मनू दचकली की तिचं अंग सळईसारखं ताठ होतं आणि कंबर पुढं सरकते. बारखालून घसरते ती अशीच. हे मी सांगितल्यावर तुम्ही ऐकलंत, “आम्हाला माहीत आहे” म्हणाला नाहीत. कंबर सीटच्या पार मागं टेकवून, गुडघे वाकवून बसवली की तो ताठपणा कमी होतो, हे आमच्या फिजिओथेरपिस्टनं शिकवलेलं. तसं बसवेपर्यंत तुम्ही थांबलात. रांगेतल्या एका काकूंनी प्रेमानं स्वतःची ओढणी पुढं केली, “बांधून टाका तिला.” तुम्ही हात जोडून ती परत दिलीत. मोकळं कापड चाकात जाऊ शकतं, आणि गाठ मारलेलं माणूस घाईच्या वेळी सुटत नाही.

सोडण्याआधी तुम्ही मनूला दोन फेऱ्या नुसत्या बघू दिल्यात, ब्रेकचा तो फुस्स आवाज आधीच ऐकवलात. रांगेला म्हणालात, “पाच मिनिटं लागतील.” एवढंच. का लागतील ते सांगितलं नाहीत, कुणाची सहानुभूती मागितली नाहीत. त्यामुळं आमच्याकडं वळून चुकचुकणारं कुणी नव्हतं. अपंग मुलाच्या आईला ती चुकचुक किती टोचते, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं का, कोण जाणे.

गोल फिरणाऱ्या कपबशांमध्ये उलटं झालं. तिथं तुम्ही तिच्या बाबांनाच बोलावलंत. फिरताना सगळे बाहेरच्या बाजूला फेकले जातात, म्हणून वजनदार माणूस बाहेरच्या कडेला, लहान आत. नाहीतर मोठ्याचा सगळा भार लहानावर येतो. सकाळपासून “तुम्ही जाड आहात” हे ऐकून हिरमुसलेल्या माणसाला अखेर आपल्या वजनाचा मान मिळाला. मनू त्यांच्या कुशीत रेलली, त्यांचा हात तिच्या मानेमागं. आणि ती हसली, दादा. आवाज काढून हसली. तिचा आवाज आम्हाला वर्षातून मोजक्या वेळा ऐकायला मिळतो. दुसऱ्या फेरीआधी तुम्ही विचारलंत, “अजून?” तिचे डोळे सरळ आभाळाला भिडले.

उतरायच्या दरवाज्याशी खुर्ची आधीच आणून ठेवलेली होती, ब्रेक लावलेली, पायाच्या पट्ट्या वर दुमडलेल्या. चढायची वाट वेगळी, उतरायची वेगळी. दर वेळी आम्हा दोघांपैकी एकाला खुर्चीसाठी धावत वळसा घालावा लागतो आणि तोवर दुसरा वीस किलोंचं लेकरू कडेवर घेऊन उभा असतो. तुमच्या त्या पोरानं, तो नवीन मुलगा ना, हे न सांगता केलं. त्यालाही आमचा नमस्कार सांगा.

माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो. तिथं सॅन अँटोनिओला ‘मॉर्गन्स वंडरलँड’ नावाचं पार्क आहे. गॉर्डन हार्टमन या गृहस्थांनी आपल्या मुलीला, मॉर्गनला, डोळ्यांसमोर ठेवून ते २०१० साली सुरू केलं. मेरी-गो-राउंडवर व्हीलचेअरसकट चढता येतं, झोपाळ्यावर खुर्चीसकट झुलता येतं, आणि दिव्यांग पाहुण्यांना तिकीट नाही. २०१७ मध्ये शेजारी पाण्याचं पार्कही झालं, तिथं हवेच्या दाबावर चालणाऱ्या, भिजल्या तरी न बिघडणाऱ्या खुर्च्या आहेत. त्याचे व्हिडिओ मनूनं पाठ केलेत. तसं इथं कधी होईल ते होवो. आपल्याकडं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, करमणुकीचं कलमही त्यात आहे. मनूचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, माझ्या पर्समध्ये असतं. पण कार्ड दाखवून बार मांडीवर नीट बसत नाही. मनूचा विचार न करता बनवलेल्या यंत्रांवर तुम्ही तिच्यापुरती जागा शोधलीत, हात घालून, मोजून. म्हणून हे पत्र कायद्याला न लिहिता तुम्हाला लिहिलंय.

तुमच्या साहेबांना मेलमध्ये मी एक विनंती केली आहे, तीही सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मागून काही लावालावी केली. कुठल्या राइडला काय जमलं पाहिजे, म्हणजे मान धरणं, बसणं, हातानं पकडणं, आणि बंद पडली तर उतरायची वाट कशी, याचा एक कागद तिकीटखिडकीवर ठेवा, असं लिहिलंय. आईबाप घरूनच ठरवून येतील आणि मुलांना दारात जाऊन परत फिरावं लागणार नाही. तो कागद तुम्हीच लिहावा असंही सुचवलंय. काम वाढवलं म्हणून रागावू नका.

आता मनूचं सांगते. घरी आल्यापासून फिजिओच्या वेळी ती कुरकुर करत नाही असं नाही, करतेच. पण समोर तुमच्याकडच्या झुलणाऱ्या जहाजाच्या राइडचा फोटो चिकटवला आहे, कारण जाताना तुम्ही म्हणाला होतात, मान नीट धरायला लागली की या, पुन्हा बसवून बघू, तेव्हाही नाही निघालं तर नाही म्हणेन. तिनं ते पक्कं धरून ठेवलंय.

सुट्टीत गर्दी फार असते, म्हणून शाळा सुरू झाल्यावर मधल्या वारी येऊ. त्या दिवशी तुमची साप्ताहिक सुट्टी नसली म्हणजे झालं. आत्याबाईंनी लाडू गेटबाहेर तुमच्या हातात द्यायचं ठरवलंय, तेवढ्यासाठी बाहेर यावं लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मनूची आई