एक ‘फसलेला’, दुसरा ‘फसवणारा’

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी एकतीस वर्षं शिकवलं. माझे दोन जुने विद्यार्थी, दोघंही विशी ओलांडलेले, एकमेकांवर प्रेम करतात हे दिवाळीच्या सुमारास गावाला कळलं. एक जुन्या मालगुजारांच्या वाड्यातला, दुसरा नाल्यापलीकडच्या पारधी बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

पानठेल्यावर त्या दिवशी ऐकलं ते तसंच लिहितो. “वाड्यावरचा पोट्टा साधा हो, त्याले नादी लावलं त्या पारध्यानं.” वाड्यावरच्याला शहराची हवा लागली, लग्न लावून दिलं की येईल ठिकाणावर. आणि बेड्यावरच्याला? “त्यायचं तसंच असते.” दोघांच्या राजीखुशीची एकच गोष्ट, पण कोण फसला आणि कोणी फसवलं हे गावानं जात पाहून ठरवलं.

मग चार माणसं बेड्यावर गेली. भांडण वाढू नये म्हणून मीही सोबत गेलो. त्यांचा पहिला प्रश्न नात्याबद्दल नव्हताच. पोराच्या हातातला फोन पाहून विचारलं, “हा मोबाईल कोणाचा उचलला?” पोरगं आत गेलं आणि पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पावती घेऊन आलं. कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामभर गाठी उचलून घेतलेला फोन! पावती हातोहात फिरली, कोणी नीट वाचलीही नाही. तिची घडी चारही बाजूंनी झिजली होती. म्हणजे ती दाखवायची वेळ त्याच्यावर आधीही आलेली होती. मी तिथं गप्प उभा राहिलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

असे दोन संशय एकत्र बांधण्याचं काम इंग्रजांनी १८७१ सालीच केलं होतं. त्या सालच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या एका भागात जन्मानं गुन्हेगार ठरवायच्या जमाती होत्या, दुसऱ्या भागात हिजडे. नोंद झालेला हिजडा बायकांच्या कपड्यांत रस्त्यावर दिसला तर विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. जमातींचा भाग पुढे देशभर लागू झाला, त्यात पारधीही आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले, म्हणजे ते गुन्हा राहिले नाहीत. बेड्यावर गेलेल्यांपैकी दोघं माझेच विद्यार्थी, आणि यातली एकही तारीख मी त्यांना वर्गात सांगितली नव्हती.

“हे पैसेवाल्यायचं, शयरातलं खूळ,” असंही ऐकलं. अमेरिकेत पेट्स्को आणि बोडेनहाउझेन या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये वंश आणि लैंगिक कल यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय पुरुष समलिंगी आहे असं कळलं, की लोकांच्या मनातलं त्याचं चित्र गोऱ्या माणसाकडे झुकायचं. समलिंगी म्हणजे पैशाअडक्यानं बरा, हा समजही त्यामागं होता. आमच्याकडे वंशाच्या जागी जात ठेवा. समलिंगी म्हणजे शहरातला, पैसेवाला असं डोक्यात बसलं की पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाईचा मुलगा त्यात बसत नाही. तो प्रेम करत असेल हे सुचतच नाही कोणाला. पैशासाठी नादी लावत असेल, हे मात्र लगेच सुचतं.

म्हणून वर्तमानपत्रांकडे माझं एक मागणं आहे. चोरीच्या बातमीच्या मथळ्यात ‘पारधी टोळी’ छापू नका, आणि दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या नात्याला ‘विकृत’ म्हणू नका. आमच्या पानठेल्यावर एक जण पेपर मोठ्यानं वाचतो आणि दहा जण ऐकतात. बहुतेक वेळा तो फक्त मथळेच वाचतो.

वाड्यावरच्या मुलासाठी सध्या मुली पाहणं चालू आहे. बेड्यावरच्याला यंदा जिनिंगवर घेतलं नाही, मुकादमानं कारणही सांगितलं नाही. सोमवारी मी त्याच्यासोबत जाऊन कारण विचारणार आहे.

– एक निवृत्त शिक्षक, जि. वर्धा