पत्रकाराकडे जाण्याआधी झेरॉक्सचं दुकान टाळा

महोदय,

पावसाळा सरला की कोकणातल्या खाड्यांत चोरून वाळू उपसणारे सक्शन पंप घुमू लागतात आणि वर्तमानपत्रांच्या तालुका कार्यालयांत पाकिटं येऊ लागतात. पाकिटात बहुधा ठरलेला ऐवज असतो: व्हॉट्सॲपवर दहा ग्रुप फिरून आलेला व्हिडिओ, 'वरपासून खालपर्यंत सगळे सामील आहेत' असं सांगणारं दोन पानी निवेदन आणि मुख्यमंत्र्यांपासून तलाठ्यापर्यंत प्रती धाडल्याची यादी. बातमी येत नाही. मग गावात बोललं जातं, पत्रकार मॅनेज झाला. कधी होतोही. पण बहुतेक वेळा त्या पाकिटात ताडून पाहता येईल असं काहीच नसतं.

'सगळे सामील' हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. 'अमुक तारखेला पहाटे तीन वाजता, फक्त हातपाटीचा, म्हणजे हाताने वाळू काढायचा, परवाना असलेल्या जागी सक्शन पंप चालू होता', एवढं मात्र करता येतं. आधी हे एक वाक्य लिहा आणि तेवढ्याचाच पुरावा जमवा.

फोटो काढताना पहिला लांबून घ्यावा. त्यात पुलाचा खांब, देवळाचा कळस, जेटी असं न हलणारं काहीतरी आलं पाहिजे. दुसरा पंपाचा आणि पाइपचा, तिसरा डंपरच्या नंबरप्लेटचा. कापाकापी करू नये, वर लाल बाण काढू नयेत. वेळ सांगताना तर फारच जपावं, कारण जाणता बातमीदार पाणी बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हे कोळीवाड्यात कुणीही सांगेल. अष्टमीला ती सहाच्या आसपास येते, खाडीत आत जावं तसा थोडा उशीर. आता तुम्ही म्हणता फोटो अष्टमीच्या सकाळी सहाचा, आणि त्यात जेटीच्या पायऱ्या तळापर्यंत उघड्या. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान, झाली तरी ती भरतीच, तेव्हा तळ दिसत नाही. तारीख किंवा वेळ चुकली, की उरलेल्या खऱ्या फोटोंवरचा विश्वासही उडतो.

वाळू किती, याचंही तसंच. 'हजारो ब्रास' लिहू नका. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. डंपरचा हौदा बारा फूट लांब, सात फूट रुंद आणि चार फूट भरलेला असेल तर ३३६ घनफूट, म्हणजे तीन ब्रासच्या वर. त्या फेरीच्या वाहतूक पासावर दोन ब्रास असतील तर हा फरक हीच बातमी आहे, मग ती एका डंपरची का असेना.

फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि त्याच्या पोटातली तारीख, वेळ, ठिकाण पुसलं जातं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला किंवा पेन ड्राइव्हवर दिला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. मात्र त्याच पोटमाहितीत तुमच्या पडवीचं लोकेशनही असू शकतं. म्हणून छापण्याआधी ती काढून टाकायला बातमीदाराला बजावून सांगावं. ज्या मोबाइलवर फोटो काढला तो विकू नये, फॉरमॅट करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत हॅश मूल्य (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) नमूद केलेलं प्रमाणपत्र लागतं. मूळ फाइलच नसेल तर ते कशाचं देणार?

कागद कार्यालयातला असेल तर धोका वेगळा. पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' म्हणून कोणाकोणाची नावं आहेत ती मोजा. तीन असतील तर संशयितही तीनच, आणि त्यातले एक तुम्ही. कागदावर पेनाची खूण, आवक शिक्का, नस्तीतला पानाचा आकडा असतो. तो पाहून कोणती प्रत फुटली हे मोठ्या साहेबांना दोन मिनिटांत कळतं. आणि तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तर मुळीच जाऊ नये. तिथला मुलगा कागद वाचतो, आणि तुमच्या मागे रांगेत कंत्राटदाराचा माणूस उभा असतो.

त्यातल्या त्यात निर्धोक वाट अशी: फुटलेला कागद छापायचाच नाही. त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख बातमीदाराला सांगायची आणि त्याने तोच कागद माहिती अधिकारात मिळवायचा. आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर अपील. अर्जात तो एकच कागद मागितला तर कुणी फोडलं ते उघड होतं. त्या महिन्याची सगळी जावक नोंदवही आणि सगळे पास मागावेत. अर्ज गावातल्या माणसाने करू नये. अर्जदाराचं नाव बाहेर जायला वेळ लागत नाही.

कुणाचा मेल उघडून, कुणाच्या टेबलाखाली मोबाइल ठेवून मिळवलेलं घेऊन येऊ नका. ज्याच्याविरुद्ध पुरावा आणला तो राहतो बाजूला, गुन्हा आणणाऱ्यावर दाखल होतो. आणि लाच आत्ता मागितली जात असेल तर पत्रकार दुसरा. आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४. बातमी आधी आली तर सापळा लागणार कसा?

बातमीदार निवडताना त्याने जुन्या बातम्यांचा पाठपुरावा केलाय का, ते पाहावं. तालुक्याच्या वार्ताहराला जाहिरातीही आणाव्या लागतात, वर्धापनदिनाच्या पुरवणीत त्याच कंत्राटदाराच्या शुभेच्छा असतात. हा त्याचा दोष कमी आणि धंद्याचा जास्त, पण हिशोबात धरावा. एका वेळी एकाकडेच जावं. काहीही हातात देण्याआधी विचारावं: माझं नाव फक्त तुम्हाला कळेल की संपादकांनाही? समोरच्याची प्रतिक्रिया कधी घेणार? हा दुसरा प्रश्न लोक विसरतात. त्या फोननंतर गावात शोध सुरू होतो, म्हणून फोन जाण्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला कळलं पाहिजे.

कायद्याच्या भरवशावर राहू नये. जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला, तो अजून अंमलात नाही. स्रोताचं नाव सांगायची सक्ती पत्रकारावर करता येत नाही, हे प्रेस कौन्सिल कायद्यात आहे खरं, पण ते कौन्सिलपुढच्या कामापुरतं. कोर्टात ती ढाल नाही. खुद्द बातमीदारही सुरक्षित नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आलं.

मूळ कागद, पेन ड्राइव्हची दुसरी प्रत आणि तारीखवार एक पानी टिपण घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या तालुक्यात विश्वासाच्या माणसाकडे ठेवावं. बातमी छापून आली की ती गावच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर सगळ्यात आधी टाकणारे आपण असू नये.

– काही निवृत्त बातमीदार, जि. रत्नागिरी