सुकवणीच्या बारा रॅकसाठी आणि सहा मोजपट्ट्यांसाठी आवाहन

आमचा बचत गट वसई-पालघर किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातल्या मच्छी सुकवणाऱ्या बायकांचा. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपली, नारळी पौर्णिमा झाली, बोटी दर्यात गेल्या. पाऊस ओसरून दसऱ्यापासून ऊन पडायला लागलं की बोंबील, जवळा, मांदेली, वाकटी सुकवायचा हंगाम सुरू होतो. त्याआधी बारा रॅक उभे करायचे आहेत, आणि त्यासाठी हे मागणं.

बोंबील वलांडीवर, म्हणजे आडव्या काठ्यांच्या मांडवावर टांगला जातो, त्याची फारशी अडचण नाही. जबड्यात जबडा अडकवून जोडी करायची, जोड्यांमध्ये चार बोटं जागा सोडायची. कडक ऊन आणि वारा असेल तर तीन दिवसांत काटा वाकवल्यावर कट्कन मोडतो. तसा मोडला नाही तर माल वाळलेला नाही. दहा किलो ओल्या बोंबलाचा जेमतेम दीड किलो सुका निघतो, इतकं त्यात पाणी.

नुकसान होतं ते जवळ्याचं आणि मांदेलीचं, कारण दोन्ही अजून वाळूवर किंवा सारवलेल्या खळ्यावर पसरली जातात. खालून ओल लागते, वाळू मिसळते, कुत्री फिरतात, माशा अंडी घालतात. व्यापारी मूठभर जवळा हातात घेऊन चुरतो, दाताखाली कचकच लागली की भाव पाडतो. त्यात दिवाळीच्या आसपास अवकाळी सर आली की सगळंच पाण्यात. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या वेळी सुकायला घातलेली मासळी अशीच भिजली. बोटीचं, जाळ्याचं नुकसान कागदावर येतं, भिजलेला जवळा येत नाही.

म्हणून जमिनीपासून उंच, बांबूचे रॅक. एक रॅक २० फूट लांब, ४ फूट रुंद. रुंदी याहून वाढवू नका असं आम्ही सुताराला बजावून सांगतो, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. नाही पोचला तर तिथला माल उलटला जात नाही आणि आंबतो. खांब ५ फुटांचे, त्यातले २ फूट वाळूत, ३ फूट वर. दर ५ फुटांवर खांबांची जोडी, म्हणजे एका रॅकला दहा. आडव्या काठ्या अडीच फुटांवर. काठ्या दूर पडल्या की जाळी झोळ खाते, जवळा झोळात गोळा होतो आणि नेमका तिथेच ओला राहून वास मारतो. २० फुटी बांबूचा हिशेब एका रॅकला सात नग. खिळे नकोत, ते गंजतात आणि बांबू फोडतात. नायलॉन दोरीनेच बांधायचं. वाळूत जाणाऱ्या टोकाला डांबर लागतं.

वर आधी जाड आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची, आधाराची जाळी, तिच्यावर जवळ्यासाठी मच्छरदाणीसारखी बारीक. कडा तीन बोटं वर वळवायच्या. एका रॅकवर ३५ ते ४० किलो ओला जवळा अर्धा इंच थरात मावतो. दर दीड-दोन तासांनी परतला तर चांगल्या उन्हात एका दिवसात निघतो. संध्याकाळी दव पडायच्या आत ताडपत्री ओढायची, पण मालाला टेकवून नाही. मधोमध उंच काठी लावून फूटभर अंतर ठेवलं नाही तर ताडपत्रीला आतून घाम सुटतो आणि सकाळी वरचा थर पुन्हा ओला. सुका माल गरम असताना पोत्यात भरला तरी तेच होतं, आठवड्यात बुरशी. रात्रभर सावलीत गार करूनच भरायचा.

आता मोजपट्टीचं. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींची किमान कायदेशीर लांबी ठरवली: पापलेट १३५ मिमी, बोंबील १८० मिमी, सुरमई ३७० मिमी. बंदरावर टब उतरला की निवड बायकाच करतात, म्हणजे पिल्लं किती आली हे सगळ्यांत आधी त्यांनाच दिसतं. पण ते लिहून कोणी ठेवत नाही. बारकं म्हावरं फिशमीलवाल्याच्या टबात जातं आणि विषय संपतो. किनाऱ्यावर मोजून मेलेलं पिल्लू जगत नाही, हे आम्हालाही कळतं. उपयोग पुढच्या फेरीसाठी. डोल म्हणजे प्रवाहात लावलेलं पिशवीसारखं जाळं. तिला ओढ उधाणाची, मोठ्या भरती-ओहोटीची लागते. उधाण की भांग (लहान भरती-ओहोटी), किती वाव (साधारण सहा फुटांचं माप) पाणी, एका टबातून वरचा, मधला, तळाचा मिळून एक किलो काढला तर त्यात नियमाहून लहान किती, एवढं हंगामभर लिहिलं तर तांडेलासमोर, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखासमोर ठेवायला काहीतरी हातात राहील. ‘खोल्याचा (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा) आस वाढवा’ असं नुसतं म्हटलं तर भांडण होतं. वहीतली पानं दाखवली तर बोलणं होतं. ट्रॉलरला ४० मिमी चौकोनी आसाचा नियम आहे, पण डोलीचा प्रश्न वेगळा. तो गावात बसूनच सोडवावा लागेल, आणि त्या बैठकीत बायकांना जागा हवी.

सरकारी योजना आहेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना ६० टक्के अनुदान आहे, पण उरलेले ४० टक्के आपले, आणि खर्च बहुधा आधी करावा लागतो. बोट पुरुषाच्या नावावर, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व बोटवाल्याचं, त्यामुळे कागद जमवतानाच हंगाम निघून जातो.

म्हणून हवं आहे ते असं. पक्के, तीन वर्षांचे बांबू ९० (सहा जादा, कारण काही फुटतातच). ८ मिमी नायलॉन दोरी. दोन्ही प्रकारची जाळी, प्रत्येक रॅकला २२ बाय ५ फूट. जाड ताडपत्र्या बारा, २४ बाय ८ फुटी. २० किलोपर्यंतचे वजनकाटे दोन. मिमीच्या खुणा असलेल्या लाकडी मोजपट्ट्या सहा. एका टोकाला उभी फळी हवी, नाहीतर माशाचं तोंड सरकतं आणि माप चुकतं. बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी ७० लिटरच्या बर्फपेट्या मिळाल्या तर उत्तमच, तळाला पाणी जायचं भोक असलेल्या.

थर्मोकोलचे खोके पाठवू नका, ते तुटून दर्यातच जातात. पातळ प्लॅस्टिकही नको. जुन्या साड्या, भांडी यांचं वाटप आम्ही करत नाही.

रोख द्यायचीच असेल तर गटाच्या नावाने चेक द्या, पावती लगेच मिळेल. त्याहून मोलाची मदत म्हणजे माणूस: अन्न सुरक्षेची नोंदणी आणि अनुदानाचे अर्ज ऑनलाइन भरून देणारं कोणी, आठवड्यातून एक दुपार. बांबू बांधायला तर कोणीही चालेल, रविवारी या.

सामान मासळी बाजारामागच्या गोदामात, संध्याकाळी चार ते सात. सकाळी कोणी भेटणार नाही, सगळ्या बंदरावर असतात. बांबू आणणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. मोठा ट्रक गल्लीत वळत नाही, नाक्यावरून हातगाडीने आणावे लागतात.

— अध्यक्ष व सर्व सभासद, मच्छी सुकवणाऱ्या महिलांचा बचत गट